बांधापलीकडची हरणे

टेक्सासच्या मध्यभागी किंबल काउंटीत, जंक्शन या गावापासून काही मैलांवर आमची ११२ एकर जमीन आहे. सॅन अँटोनिओतील आमच्या घरापासून ती सुमारे दोन तासांच्या अंतरावर असून, गेली सहा वर्षे सुट्टीचे बहुतेक दिवस मी आणि माझे यजमान तेथेच घालवतो. या जमिनीवर वावरणाऱ्या हरणांविषयी आजूबाजूच्या जमीनमालकांशी बोलण्यात माझी मागची तीन वर्षे गेली. त्या बोलण्यातून काय साधले आणि काय साधले नाही, हे लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते. येत्या ऑगस्टमधील हरणांच्या मोजणीची तयारी सुरू झाल्यामुळे त्याला आता मुहूर्त लागला.

कर्जत तालुक्यातील आमच्या गावी ११२ एकर म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर जहागीर उभी राहते. हरणाच्या हिशेबात मात्र हे क्षेत्र अगदीच तोकडे आहे. पांढऱ्या शेपटीचे हरीण, ज्याला येथे सर्वजण व्हाइटटेल म्हणतात, त्याचा वयात आलेला नर साधारण एक चौरस मैल, म्हणजे ६४० एकर किंवा त्याहून अधिक क्षेत्रात फिरतो. नर पाडस दीड वर्षाचे झाले की आईचा परिसर सोडून मैल-दोन मैल, कधी त्याहूनही दूर जाऊन राहते. म्हणजे मी माझ्या जमिनीवर एखादा तरुण नर जाणीवपूर्वक सोडून दिला, तरी तो मोठा होणार शेजाऱ्याच्या जमिनीवर, आणि शेजाऱ्याने मारलेली किंवा न मारलेली प्रत्येक मादी माझ्या झाडांचा पाला खाऊनच वाढलेली असणार. कायद्याच्या दृष्टीने तर ही हरणे माझी नाहीत आणि शेजाऱ्याचीही नाहीत; ती राज्यातील जनतेच्या मालकीची आहेत. जमीनमालकाच्या हाती असते ते एवढेच, की कुंपणाच्या आत कोणाला येऊ द्यायचे आणि कोणाला नाही. टेक्सासमधील सुमारे ९५ टक्के जमीन खाजगी मालकीची असल्यामुळे या एवढ्याशा अधिकारावरच येथील बहुतेक वन्यजीवांचे भवितव्य ठरते.

हे सारे मला जमीन घेताना ठाऊक नव्हते. पहिल्या हिवाळ्यात राज्याच्या पार्क्स अँड वाइल्डलाइफ विभागाचे जीवशास्त्रज्ञ येऊन जमीन पाहून गेले. ही सेवा जमीनमालकांना विनामूल्य मिळते. त्यांनी हरणांविषयी एक शब्दही न बोलता मला ओक वृक्षांच्या एका राईत नेऊन उभे केले आणि खालून वर पाहायला सांगितले. जमिनीपासून साधारण साडेचार-पाच फुटांपर्यंत एकाही झाडाला पान नव्हते. त्या उंचीवर, जणू कोणी दोरी लावून आखावी तशी, पानांची सरळ कडा दिसत होती. हरणाची मान जेथवर पोहोचते, तेथवरचे सगळे संपलेले होते. राईत जुने वृक्ष होते, पण गुडघ्याएवढे एकही रोप नव्हते. हरणांना विशेष आवडणाऱ्या स्पॅनिश ओकची रोपे उगवतात आणि दुसरे पान फुटण्याआधी खाल्ली जातात. उरते ते फक्त सीडर, म्हणजे येथील जूनिपर, कारण ते हरणांना नकोसे वाटते. या राईतील वृक्ष एकेक करून पडतील, तेव्हा त्यांची जागा घ्यायला खाली कोणीही उभे नाही, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आले आणि त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

माझी पहिली चूक त्यानंतरच्या आठवड्यात झाली. जीवशास्त्रज्ञांनी दिलेले तक्ते घेऊन मी पूर्वेकडच्या शेजाऱ्यांकडे गेले. ते ऐंशीच्या घरातले गृहस्थ आहेत आणि त्यांचे कुटुंब चार पिढ्यांपासून तेथे गुरे, मेंढ्या आणि अंगोरा शेळ्या पाळत आले आहे. हरणांची संख्या जास्त आहे, माद्या कमी करायला हव्यात, आपण सर्वांनी मिळून एक योजना आखू या, असे मी त्यांना दहा-पंधरा मिनिटे समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, की आधीच्या मालकाने तुमच्या जमिनीवर बांधलेले शिकारीचे मचाण माझ्या कुंपणापासून तीस पावलांवर आहे आणि त्याची खिडकी माझ्या पाणवठ्याकडे उघडते. बारा वर्षे मी त्याला ते हलवायला सांगत होतो. त्यापुढे ते काही बोलले नाहीत. मी तक्ते गुंडाळून परत आले.

पुढच्या शनिवारी आम्ही ते मचाण उतरवले आणि जमिनीच्या मधोमध, आतल्या दिशेने तोंड करून पुन्हा उभे केले. त्यांना निरोप पाठवला नाही, कारण ते त्यांना दिसणारच होते. तीन आठवड्यांनी ते स्वतः फाटकाशी येऊन उभे राहिले आणि आमचे खरे बोलणे त्या दिवशी सुरू झाले. तेव्हापासून मी एक पथ्य पाळले. दुसऱ्याकडे काही मागण्याआधी त्याची जुनी तक्रार ऐकून घ्यायची, आणि ती माझ्या हातून दूर होण्यासारखी असेल तर बैठकीपर्यंत न थांबता आधी ती दूर करायची.

या वृद्ध शेजाऱ्यांकडून मला तेथील हरणांचा जो इतिहास कळला, तो तक्त्यांत नव्हता. त्यांच्या लहानपणी हरीण दिसले तर ते घरी येऊन सांगण्यासारखी गोष्ट होती. त्याचे एक कारण स्क्रूवर्म नावाची माशी. ती जिवंत जनावराच्या जखमेत अंडी घाले आणि अळ्या जनावराला आतून खात. नवजात पाडसाची ओली नाळ ही तिच्यासाठी आयती जखम असे. त्यांचे वडील रोज घोड्यावरून फिरून प्रत्येक वासराच्या नाळेला औषध लावत, पण हरणांच्या पाडसांना औषध कोण लावणार? मग १९६२ साली दक्षिण टेक्सासमधील मिशन या गावी या माशीचे नर किरणोत्साराने वांझ करून सोडण्याचा कारखाना सुरू झाला, त्याच दशकात माशीचा जोर ओसरला आणि जगणाऱ्या पाडसांची संख्या वाढत गेली. मोठे हिंस्र प्राणी तर मेंढपाळांनी त्याआधीच हटवले होते. पुढे शेळ्यांच्या मोहेर लोकरीला १९५४ पासून मिळणारे सरकारी अनुदान १९९०च्या दशकात बंद झाले आणि अनेक कुटुंबांनी शेळ्या विकून शिकाऱ्यांना जमीन हंगामापुरती भाड्याने देण्यास सुरुवात केली. शिकारी येतात ते मोठ्या शिंगांच्या नरासाठी. मादीकडे कोणी पाहत नाही. अशा रीतीने नर लहान वयात संपू लागले, माद्या वाढत राहिल्या, आणि जुन्या मोठ्या जमिनी वारसांमध्ये वाटल्या जाऊन आमच्यासारख्या शहरातल्या लोकांना तुकड्यातुकड्यांनी विकल्या गेल्यामुळे संपूर्ण कळपाचा हिशेब कोणाच्याच हाती उरला नाही.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या अगदी जिव्हाळ्याची आणि म्हणूनच अवघड होती. जमीन घेतल्यानंतरच्या पहिल्याच पहाटे नदीच्या बाजूने आलेला आवाज मी ओळखला होता. नागपूरला परिचारिकेचे शिक्षण घेत असताना नागझिऱ्यात ऐकलेली चितळ मादीची ती तीव्र, तुटक हाक होती. मला आधी भासच वाटला. नंतर समजले, की चितळ टेक्सासमध्ये १९३२ साली आणले गेले, आणि त्याच वर्षी आमच्या शेजारच्या कर काउंटीत काळवीटही सोडले गेले. कुंपणातून निसटलेल्या चितळांची प्रजा आज आमच्या भागातील सबंध पठारावर मोकळी फिरते. व्हाइटटेलची पाडसे उन्हाळ्याच्या सुरुवातीला जन्मतात, पण चितळांची वीण वर्षभर चालू असते. व्हाइटटेल मुख्यतः रुंद पानांच्या वनस्पती आणि झुडपांचा पाला खाते. चितळही आधी तेच खाते, आणि ते संपले की निवांत गवतावर राहू शकते. दुष्काळात दोघे एकाच जागी असले, तर उपाशी कोण राहणार हे वेगळे सांगायला नको. शिवाय परदेशातून आणलेला प्राणी म्हणून राज्याने चितळाच्या शिकारीला हंगामाचे वा संख्येचे बंधन घातलेले नाही. त्याचे काय करायचे ते पूर्णपणे जमीनमालकावर सोपवलेले आहे.

माझे माहेर रेहेकुरीजवळचे. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हे काळवीट अभयारण्य १९८० साली स्थापन झाले आणि त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर आहे. काळविटांना ही सीमा कोण समजावणार? रब्बीची ज्वारी कोवळी असताना आणि हरभऱ्याला घाटे धरताना त्यांचे कळप रात्री आमच्या रानात उतरत. कायद्याने त्यांना हात लावता येत नसे, आणि लावावा असे आमच्या घरात कोणाच्या मनातही येत नसे. पण पीक तर राखायला हवे. वडिलांनी आणि बांधाला बांध लागून असलेल्या दोघा शेतकऱ्यांनी त्यासाठी राखणीची पाळी लावली होती. तिघांच्या रानांच्या मध्ये एकच माळा होता आणि एका रात्री एकच माणूस गोफण आणि पत्र्याचा डबा घेऊन तिन्ही रानांसाठी जागत असे. त्या तिघांमध्ये बांधाच्या एका हाताच्या जागेवरून जुना वाद होता आणि लग्नकार्याला ते एकमेकांकडे जात नसत, तरी राखणीची पाळी कधी चुकली नाही. आपल्या पाळीच्या रात्री झोप लागून दुसऱ्याचे पीक गेले तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही, एवढीच त्या कराराची लेखी-तोंडी अट होती.

अशा घरात वाढलेल्या मुलीने टेक्सासमध्ये चितळांच्या माद्या मारण्याचा विषय शेजाऱ्यांपुढे काढावा, हे मला स्वतःला स्वीकारायला दोन वर्षे लागली. नागझिऱ्यातले चितळ त्या जंगलाचे आहे. त्याच्यामागे वाघ आहे, बिबट्या आहे, रानकुत्री आहेत. येथे त्याच्यामागे कोणी नाही, आणि ज्या ओकच्या राईत ते उभे आहे ती राई त्याच्यासोबत वाढलेली नाही. मी राज्याच्या नियमाप्रमाणे शिकारीचे प्रशिक्षण पूर्ण केले आणि पहिली मादी मी स्वतः मारली. शेजाऱ्यांना जे करायला सांगायचे, ते आपल्या हाताने केल्याशिवाय सांगण्याचा मला अधिकार नव्हता. त्या दिवसाविषयी याहून अधिक लिहिण्याची माझी तयारी नाही.

त्यानंतर मी एकेका जमीनमालकाकडे जाऊ लागले. आमच्या रस्त्यावर मिळून नऊ जमिनी आहेत आणि त्यांचे एकत्रित क्षेत्र साधारण २,४०० एकर भरते. येथे कोणाच्या दारात आधी न कळवता जाण्याची पद्धत नाही. खांबांवर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे दिसले, तर टेक्सासच्या कायद्यात त्याचा अर्थ ‘आत येऊ नये’ असाच होतो. म्हणून आधी हस्तलिखित पत्र, मग फोन, आणि बोलावणे आले तरच भेट, असा क्रम मी ठेवला. पत्रात हरणांच्या संख्येविषयी काहीही लिहिले नव्हते. आपली ओळख, आपल्या जमिनीची जागा, आणि तुमच्या जमिनीवर तुम्हाला काय दिसते ते ऐकायला आवडेल, एवढेच तीन परिच्छेद होते.

प्रत्येकाच्या मनातली भीती निराळी निघाली. एका निवृत्त शिक्षिकेला वाटत होते, की संघटना झाली म्हणजे सरकारी माणसे फाटकातून आत येतील. विभागाच्या जीवशास्त्रज्ञांनी एखाद्या खाजगी जमिनीविषयी गोळा केलेली माहिती कायद्याने गोपनीय असते, हे मी त्यांना सांगितले, पण त्यांचे समाधान त्यांनी स्वतः जीवशास्त्रज्ञांशी फोनवर बोलल्यानंतरच झाले. ह्यूस्टनला राहणाऱ्या एका कुटुंबाला करसवलतीची चिंता होती. १९९५ साली मतदारांनी मान्य केलेल्या घटनादुरुस्तीमुळे शेतजमिनीप्रमाणेच वन्यजीव व्यवस्थापनाखालील जमिनीवरही कमी मूल्य धरून कर आकारला जातो; त्यासाठी ठरवून दिलेल्या सात कामांपैकी किमान तीन कामे दरवर्षी करून दाखवावी लागतात. मोजणी हे त्या सातांपैकी एक काम आहे, हे कळल्यावर त्यांचा सूरच बदलला. वर्षातून चार वेळाच येणाऱ्या मालकाला मोजणी एकट्याने जमणे कठीण, आणि आमच्यासोबत ती आपोआप होणार होती.

सर्वांत कठीण बोलणे झाले ते उत्तरेकडच्या शेजाऱ्यांशी. ते शिकाऱ्यांना जमीन भाड्याने देतात आणि चितळाचे मोठे नर हे त्यांच्या उत्पन्नाचे महत्त्वाचे साधन आहे, कारण व्हाइटटेलचा हंगाम संपल्यावरही चितळासाठी शिकारी येत राहतात. मी चितळ कमी करण्याची भाषा काढताच त्यांनी सरळ सांगितले, की माझ्या मुलीच्या कॉलेजची फी त्या शिंगांतून भरली जाते. याला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि मी ते देण्याचा प्रयत्नही केला नाही. त्याऐवजी, त्यांच्याकडे येणाऱ्या शिकाऱ्यांना नर किती वयाचा हवा असतो आणि तसे नर गेल्या पाच वर्षांत किती मिळाले, हे मी त्यांना विचारले. त्यांनी विचार करून सांगितले, की नरांची संख्या वाढली, पण अंगाने ते पूर्वीपेक्षा हलके आहेत. तेवढ्यावरच त्या दिवशी आम्ही थांबलो. महिन्याभराने त्यांनीच फोन करून विचारले, की माद्या कमी झाल्या तर नरांच्या वजनात फरक पडायला किती वर्षे लागतील.

या प्रकारच्या सहकार्याची सुरुवात कोठे झाली, हे मी त्या काळात वाचत होते. वन्यजीव व्यवस्थापनाचे अभ्यासक आल्डो लिओपोल्ड १९३१ साली विस्कॉन्सिनमध्ये शिकारीसाठी जागा शोधत फिरत असताना मॅडिसनजवळच्या रायली या वस्तीपाशी एका शेतावर पाणी प्यायला थांबले. त्या शेतकऱ्याचे दुखणे असे, की पाट्या लावूनही परवानगी न घेता घुसणारे शिकारी त्याचे पक्षी मारून नेत. लिओपोल्ड यांना आपल्या कल्पना प्रत्यक्षात पारखायला जमीन हवी होती. त्या अंगणात ‘रायली गेम कोऑपरेटिव्ह’चा जन्म झाला. शेतकऱ्यांनी जमीन आणि राखण द्यायची, शहरातील सदस्यांनी पैसे, धान्य आणि झाडे लावायला हात द्यायचे, आणि शिकार दोघांनी मिळून मर्यादेत करायची, अशी ती मांडणी होती. पुढे त्यात ११ शेतकरी आणि शहरातील ५ सदस्य सामील झाले. मला यात सर्वांत मोलाचे वाटले ते हे, की तेथे बोलण्याची सुरुवात तितर-फेझंट किती असावेत यावरून झाली नाही. ती एका शेतकऱ्याच्या रोजच्या त्रासावरून झाली.

आमची पहिली एकत्र बैठक स्वयंसेवी अग्निशमन केंद्राच्या खोलीत झाली. नऊपैकी सात मालक आले. जीवशास्त्रज्ञांना मी मुद्दाम पहिल्या बैठकीला बोलावले नव्हते, कारण तज्ज्ञ बोलू लागला की मालक ऐकणारे होतात, आणि मला त्यांना बोलते ठेवायचे होते. मी माझ्या जमिनीची वही टेबलावर ठेवली: दोन वर्षांत ट्रेल कॅमेऱ्यांत, म्हणजे हरणांच्या वाटेवर लावलेल्या आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांत, दिसलेले नर, माद्या, पाडसे, आम्ही मारलेली जनावरे, त्यांची वजने, आणि कोरड्या महिन्यांत पाणवठ्यावर मेलेली आढळलेली तीन पाडसेही. ती वही हातोहात फिरली. आपला आकडा आधी उघड केल्याशिवाय दुसऱ्याचा आकडा मागता येत नाही, हे त्या संध्याकाळी मला स्पष्ट दिसले, कारण वही शेवटच्या खुर्चीपर्यंत पोहोचण्याआधीच दोघांनी आपापल्या फोनमधले फोटो उघडले होते.

त्या दिवशी फक्त दोन गोष्टी ठरल्या आणि दोन्हींचा हरणांच्या संख्येशी थेट संबंध नव्हता. पहिली अशी, की कुंपणापासून शंभर यार्डांच्या आत कोणीही मचाण बांधायचे नाही. दुसरी जखमी जनावराविषयीची. येथील कायद्यानुसार गोळी लागलेले हरीण कुंपण ओलांडून गेले, तरी पलीकडच्या मालकाची परवानगी असल्याशिवाय त्याच्यामागे जाता येत नाही. रात्रीच्या वेळी फोन लागला नाही तर जनावर तसेच तडफडत मरते आणि मांसही वाया जाते. म्हणून सातही जणांनी एकमेकांना आगाऊ लेखी परवानगी दिली: आधी फोनवर निरोप ठेवावा, बंदूक गाडीत ठेवून हातात फक्त दिवा घ्यावा आणि जनावर सापडल्यावर मालकाला कळवावे. वर्षानुवर्षांच्या कुरबुरींपैकी निम्म्या या एका कागदाने मिटल्या असाव्यात.

मोजणीचा निर्णय दुसऱ्या बैठकीत झाला, आणि तेव्हा जीवशास्त्रज्ञही आले. पद्धत साधी असली तरी तिला शिस्त लागते. ठरलेल्या मार्गावरून सूर्यास्तानंतर साधारण तासाभराने गाडी अतिशय सावकाश न्यायची. मागे दोघांनी उभे राहून दोन्ही बाजूंना झोतदिवे फिरवायचे, डोळे चमकले की थांबून दुर्बिणीने नर, मादी की पाडस ते ओळखायचे आणि पुढे बसलेल्याने ते लिहायचे. ओळखता आले नाही तर तसेच लिहायचे, अंदाज करायचा नाही. त्याआधी एकदा मार्गावर दर दशांश मैलाला थांबून दोन्ही बाजूंना किती अंतरापर्यंत दिसते ते टिपून घ्यायचे, म्हणजे प्रत्यक्षात किती एकर पाहिले त्याचा हिशेब निघतो. एकाच रात्रीच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. तीन रात्री करून सरासरी काढायची. रात्री रस्त्यावर दिवे फिरवणारी गाडी पाहून कोणाचा गैरसमज होऊ नये, म्हणून शिकार कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या वॉर्डनना आधी कळवणेही महत्त्वाचे असते.

त्या तीन रात्रींनी जे केले, ते कोणत्याही बैठकीने केले नसते. उत्तरेकडचे शेजारी आणि निवृत्त शिक्षिका, ज्यांच्यात पाण्याच्या नळावरून पूर्वी वाद झाला होता, ते गाडीच्या मागे शेजारी-शेजारी दिवा धरून उभे होते. स्वतःच्या जमिनीवर नर कमी आणि माद्या जास्त आहेत, हे प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी, दुसऱ्यांच्या साक्षीने पाहिले. पहिल्या रात्री एका नरामागे पाच माद्या भरल्या. मी दोन वर्षे जे पटवण्याचा प्रयत्न करत होते, ते त्या अंधारात कोणालाही पटवावे लागले नाही.

पहिल्या हंगामात आम्ही मिळून व्हाइटटेलच्या माद्या ठरवल्यापेक्षा थोड्या कमीच मारल्या आणि चितळांच्या माद्या ठरवल्याएवढ्या. चितळ नरांचा प्रश्न असा सुटला, की ते उत्तरेकडच्या शेजाऱ्यांच्या शिकाऱ्यांसाठी ठेवायचे आणि माद्यांची जबाबदारी इतर सर्वांनी घ्यायची. ही तडजोड जीवशास्त्रीय दृष्टीने उत्तम आहे असे मी म्हणणार नाही, पण तिच्याशिवाय चितळांविषयी काहीच झाले नसते. मारलेल्या प्रत्येक जनावराचे आतडी काढल्यानंतरचे वजन आणि खालचा जबडा जपून ठेवायचा, असेही ठरले होते. दाढांच्या झिजेवरून वय ओळखता येते. जानेवारीत अग्निशमन केंद्राच्या टेबलावर ते जबडे ओळीने मांडले गेले. ज्या नराला त्याच्या मालकाने चार-पाच वर्षांचा समजून मारले होते, तो अडीच वर्षांचा निघाला. त्या गृहस्थांनी तो जबडा बराच वेळ हातात धरून ठेवला आणि शिंगांची पूर्ण वाढ व्हायला पाच-सहा वर्षे लागतात ना, एवढेच विचारले. जे मांस आम्हाला घरी लागत नव्हते, ते गरजूंना अन्न पुरवणाऱ्या योजनेसाठी जवळच्या खाटिकखान्यात दिले.

मक्याचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. येथे जवळजवळ प्रत्येक जमिनीवर ठरावीक वेळी मका उधळणारे यंत्र असते आणि त्याभोवती हरणे गोळा होतात. हरणांच्या मेंदूचा नाश करणारा आणि कोणताही इलाज नसलेला सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) हा रोग टेक्सासमध्ये प्रथम २०१२ साली आढळला. एका जागी नाकाला नाक लावून जमलेल्या कळपात असे रोग सहज पसरतात. मी माझे यंत्र बंद केले आहे, पण इतरांना तसे करायला मी सांगितलेले नाही. त्यांच्या शिकाऱ्यांना मक्याशिवाय बसण्याची सवय नाही, आणि तो विषय आज काढला तर आतापर्यंत जुळलेले सैल होईल, अशी मला भीती वाटते. हे माझे धोरण आहे की दुबळेपणा, याविषयी माझे यजमान आणि मी अनेकदा वाद घातला आहे.

आणखी एक गोष्ट मनासारखी झाली नाही. पश्चिमेकडच्या ४०० एकरांच्या मालकांनी, जे दोन्ही बैठकींना आले नव्हते, गेल्या हिवाळ्यात आपल्या जमिनीभोवती आठ फूट उंचीचे कुंपण घातले. तसे करण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. कुंपणाच्या आतली हरणेही कायद्याने जनतेचीच राहतात, पण आता ती आत राहतात आणि आमची बाहेर. ओढ्याच्या कडेने जाणारी जुनी वाट त्या कुंपणाने तुटली, आणि पहिल्या महिन्यात दोन तरुण नर तारेपाशी येरझाऱ्या घालताना कॅमेऱ्यात दिसत राहिले. काही सदस्यांनी रागाने त्यांचे नाव आमच्या यादीतून काढायला सांगितले. मी ते काढले नाही. जखमी जनावराविषयीचा परवानगीचा कागद आणि दोन वर्षांचे आमचे सगळे आकडे मी त्यांना पत्राने पाठवले आणि फक्त एवढेच विचारले, की मोजणीच्या रात्री आमची गाडी तुमच्या आतल्या रस्त्याने नेली तर चालेल का.

या वर्षीची पहिली मोजणी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. पूर्वेकडच्या वृद्ध शेजाऱ्यांना आता गाडीच्या मागे चढता येत नाही, म्हणून लिहिण्याचे काम त्यांच्याकडे आले आहे. त्यासाठी त्यांनी नवी वही आणि दोन पेन्सिली आणून ठेवल्या आहेत आणि पहिल्या पानावर नऊही जमिनींचे रकाने आपल्या हाताने आखले आहेत. पश्चिमेकडून उत्तर अजून आलेले नाही. मार्ग मी दोन्ही प्रकारे आखून ठेवला आहे, एक कुंपणाच्या बाहेरून आणि एक आतून.